प्लस-मायनस सर

हे सर तुमच्याही ओळखीचे आहेत. तुमच्या गावात त्यांना काय म्हणत असतील ते असो, आमच्या रसायनीत प्लस-मायनस सर म्हणतात. मोहोपाड्याच्या बाजारात ‘गवार पाव किलो, प्लस-मायनस दहा ग्रॅम’ असं मागणारा माणूस दुसरा कोण असणार? भाजीवाल्या मावशी मायनसची बाजू धरतात.

एका लग्नात गुरुजींनी मुहूर्त १२ वाजून ३७ मिनिटांचा सांगितला, तर सरांनी सगळ्यांदेखत त्याचा एरर-बार विचारला. त्या घरून सरांना आता पत्रिका येत नाही. घरी कधी येणार असं वहिनींनी विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘आठ, प्लस-मायनस वीस मिनिटं.’ येतात मात्र कायम प्लसला. शेवटी वहिनींनीच सुनावलं, की चूक दर वेळी एकाच बाजूला पडते तेव्हा दोष घड्याळात नसतो, माणसात असतो. सर दारातच थबकले. ‘सिस्टिमॅटिक एरर!’ म्हणाले, आणि जेवण होईपर्यंत बायकोकडे नव्या आदराने बघत राहिले.

मूळचे भौतिकशास्त्राचे. काही वर्षं कणांच्या मागे धावले, मग न्यूट्रिनोवर गृहकर्ज मिळत नाही हे ध्यानात आलं आणि सॉफ्टवेअरमध्ये शिरले. वेबचा जनक टिम बर्नर्स-लीसुद्धा भौतिकशास्त्राचाच पदवीधर, आणि १९८९ साली त्याने वेबची कल्पना मांडली ती सर्नमध्ये, म्हणजे कणांच्याच प्रयोगशाळेत. हे सर अशा थाटात सांगतात, की दोघांनी एकाच दिवशी राजीनामे दिले असावेत. नव्या धंद्यात त्यांचं मन रमलं ते एका गोष्टीमुळे. बऱ्याच प्रोग्रॅमिंग भाषांत ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ येत नाही, पार सतराव्या घरात एक ४ लटकतो. यंत्रसुद्धा प्लस-मायनसमध्येच जगतं हे कळल्यापासून सर त्याला घरचंच समजतात.

रात्री अमेरिकेतला क्लायंट, सकाळी कॉलेज. कॉलेज तासिका तत्त्वावर. म्हणजे तासाचे पैसे मिळतात. जर्नलं तपासण्याचे, लंबक टांगण्याचे, रडणाऱ्या पोराला समजावण्याचे मिळत नाहीत. तासाचे तरी कधी मिळतात, याला मात्र सर प्लस-मायनस लावत नाहीत. एवढी मोठी संख्या त्यांनाही झेपत नसावी.

प्रॅक्टिकलला पोरं लंबक हलायच्या आधीच उत्तर लिहून मोकळी होतात: g बरोबर ९.८१. आपल्याकडची ही जुनी, पवित्र परंपरा. सर नेमके तिथेच पकडतात. पुस्तकातलं ९.८०६६५ हे प्रमाण मूल्य साधारण ४५ अंश अक्षांशाचं; रसायनी १९ च्याही किंचित खाली, इथे g ९.७९ च्या आसपास. ‘९.८१? हे रीडिंग घ्यायला पॅरिसला गेला होतात का?’

एका मुलीचं ९.४ आलं. वाडीवरून चालत येणारी, अबोल. तिने खाडाखोड न करता तेच लिहिलं आणि शेजारी बारीक अक्षरात: स्टॉपवॉचचं बटण अडकतं. सरांनी पैकीच्या पैकी दिले. स्टाफरूममध्ये कुजबुज झाली. सरांनी ते स्टॉपवॉच सगळ्यांच्या हातात देऊन दाबायला लावलं.

एचओसी ही सरकारी रसायन कंपनी १९६० साली निघाली आणि हे गाव तिच्याभोवती वाढलं. २०१७ साली तिथले बहुतेक प्लांट बंद करायचं ठरलं. रॉकेटला लागणाऱ्या नायट्रोजन टेट्रॉक्साइडचा तेवढा इस्रोसाठी राखला. सर वर्गात हेच सांगतात. ‘आपल्या गावचा माल आकाशात जातो रे. तिथे नुसता आकडा चालत नाही, किती चुकू शकतो तेही सांगावं लागतं.’ मागच्या बाकावर हशा पिकतो. सर तरीही पुढच्या वर्षी पुन्हा सांगतात. म्हणजे, पुढच्या वर्षी त्यांच्या नेमणुकीची ऑर्डर निघाली तर.

हा माणूस मला आवडतो असं मी म्हणणार नाही. पण परवा पाताळगंगा एमआयडीसीतल्या एका कारखान्याचे साहेब भेटले, फार वैतागलेले. सांडपाण्याच्या तपासणीला त्यांनी लॅबमध्ये एक मुलगी ठेवलीय. चौकशी केली, तर तीच, ९.४ वाली.

‘हुशार आहे हो,’ साहेब म्हणाले, ‘पण मीटरवर जे येतं तेच लिहिते. तुमच्या त्या सरांना जरा सांगा ना.’