स्वावलंबनाचा बंदोबस्त

बालवीरांच्या पथकांतून जुन्या परंपरा लोपत चालल्या आहेत आणि तरुणांच्या ठायी नेतृत्वगुणांचा दुष्काळ पडला आहे, अशी हाकाटी अलीकडे ज्या व्यासपीठांवरून वारंवार ऐकू येते, त्या व्यासपीठांवर हा दुष्काळ ज्यांच्यात पडला म्हणतात त्यांपैकी एकही पोर बसलेले दिसत नाही, ही गोष्ट कोणाच्या ध्यानात आलेली नाही असे नव्हे. परंतु पोराला वर बसवावयाचे म्हणजे पन्नाशी उलटलेल्या मान्यवरांपैकी कोणाची तरी खुर्ची उचलावी लागणार, आणि खुर्चीच्या बाबतीत त्याग नेमका कोणी करावा याविषयी स्काउटच्या नियमांत स्पष्ट तरतूद नसल्यामुळे, तो प्रश्न पुढील अधिवेशनापर्यंत तहकूब ठेवण्यात येत असतो.

आमचे मत या हाकाटीहून निराळे आहे. परंपरा लोपलेल्या नाहीत. गळपट्टा आहे, तो अडकविण्याचे वॉगल आहे, शिट्टी आहे, डाव्या हाताचे हस्तांदोलन आहे, तीन बोटांचा सलाम आहे. यांपैकी ज्या वस्तू विकत मिळण्याजोग्या आहेत त्या तर पूर्वीपेक्षा तकतकीत अवस्थेत, शाळेने नेमून दिलेल्या दुकानात, पावतीसह मिळतात. बदलली ती एकच किरकोळ बाब. या सरंजामाचा कारभार पूर्वी पोरे पाहत असत. आता तो अनुभवी माणसांच्या हाती सुरक्षित आहे.

मूळचा शिरस्ता किती गैरसावध होता हे पाहिले म्हणजे या सुधारणेची मातब्बरी पटते. १८९९ च्या ऑक्टोबरात दक्षिण आफ्रिकेतील माफेकिंग गावाला बोअरांनी वेढा घातला, तो २१७ दिवस चालला. गावाच्या रक्षणाला माणूसबळ अपुरे पडू लागले, तेव्हा लॉर्ड एडवर्ड सेसिल या अधिकाऱ्याने गावातील पोरांचे एक पथक उभारले, गुडइयर नावाच्या पोरालाच त्याचा सार्जंट-मेजर केले आणि निरोप पोहोचविण्यासारखी मोठ्यांची कामे त्यांच्या हवाली केली. ही पोरे प्रथम गाढवांवरून हिंडत. पुढे अन्नटंचाईने गाढवांची रवानगी मुदपाकखान्यात झाल्यावर ती सायकलींवरून हिंडू लागली. तोफगोळे पडत असता भरधाव सायकल हाकणाऱ्या एका पोराला गावाचे सेनानी बेडन-पॉवेल यांनी हटकले, तेव्हा आपण पायडल इतके जलद मारतो की गोळा आपल्याला गाठूच शकणार नाही, असा निर्वाळा त्या पोराने दिला, ही हकीकत बेडन-पॉवेलांनी स्वतः नमूद करून ठेवली आहे. आजच्या एखाद्या दक्ष पालकसभेपुढे ही हकीकत आली असती, तर पहिली विचारणा हेल्मेटविषयी झाली असती, दुसरी विम्याविषयी, आणि गोळ्यांचे वेळापत्रक सर्व पालकांना आगाऊ कळविण्यात आले होते काय, ही तिसरी.

पुढे स्काउट चळवळीचा संस्थापक ठरलेल्या याच सेनानीने १९०७ च्या ऑगस्टात इंग्लंडातील ब्राउनसी बेटावर विसेक मुले नेली, त्यांत ईटन-हॅरोसारख्या खानदानी शाळांतील होती तशी पूल-बोर्नमथकडील कष्टकऱ्यांच्या घरचीही होती. त्यांचे लांडगे, बैल, कावळे आणि कर्ल्यू पक्षी असे चार संघ पाडले आणि प्रत्येक संघावर त्यांतलाच एकेक नायक नेमला. पुढल्या वर्षी 'स्काउटिंग फॉर बॉइज' हे बेडन-पॉवेलांचे पुस्तक पाक्षिक हप्त्यांनी निघू लागले, तेव्हा तर अव्यवस्थेचा कळस झाला. पोरांनी हप्ता विकत घ्यावा, कोठून तरी काठ्या पैदा कराव्या, आपसांत नायक ठरवावा, आणि हे सगळे उरकल्यावर मग आपल्यासाठी एखादा मास्तर शोधावयास निघावे, असा उफराटा क्रम ठिकठिकाणी सुरू झाला. १९०९ च्या सप्टेंबरात लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये बालवीरांचा मेळावा भरला असता, कोणी बोलावले नसताना काही मुली आपणहून गणवेश करून तेथे उपस्थित झाल्या आणि आम्हीही स्काउटच आहोत असे सांगू लागल्या; त्यांतून १९१० साली गर्ल गाइड्सची चळवळ निघाली. त्याच मुली आज आपल्याकडील मेळाव्याच्या प्रवेशद्वारी आल्या असत्या, तर मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याचे पत्र नाही या सबबीवर परत पाठविल्या गेल्या असत्या. चळवळ अर्धी राहिली असती हे खरे, पण शिस्त अबाधित राहिली असती.

जुन्या सगळ्याच परंपरांसाठी गळा काढण्याचे कारण नाही, हेही सांगितले पाहिजे. १९०९ साली बंगळुरात जे पहिले पथक निघाले ते गोऱ्यांच्या आणि अँग्लो-इंडियनांच्या मुलांसाठी होते; या मातीतल्या पोरांना त्यात मज्जाव होता. ही परंपरा गेली ते उत्तम झाले, आणि ती आपोआप गेली नाही. ॲनी बेझंट यांनी १९१६ साली मद्रासेत भारतीय मुलांसाठी निराळी संस्था काढली, पाठोपाठ मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी अलाहाबादेत सेवा समितीचे बालवीर उभे केले. पुढे १९३७ मध्ये बेडन-पॉवेल दिल्लीस स्काउटांच्या जांबोरी मेळाव्यास आले, आणि भारतीयांविषयी त्यांनी काढलेले उद्गार येथल्या मंडळींना इतके झोंबले की दुसऱ्याच वर्षी त्यांनी हिंदुस्थान स्काउट असोसिएशन या नावाने वेगळी चूल मांडली. ही सारी घराणी ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काउट्स आणि गाइड्स या एका छत्राखाली आली. प्रत्यक्ष संस्थापकाचे बोल पटले नाहीत म्हणून ज्या देशात माणसे उठून चालती झाली, त्याच देशात आज संघाचा नायक म्हणून छातीवर पट्ट्या मिरविणारा नववीतला मुलगा पाणी पिऊन येण्याची परवानगी मागण्यासाठी हात वर करून उभा असतो, यास प्रगती म्हणावे की कसे, हे ठरविण्याचा अधिकार अर्थातच त्याचा नाही.

परवा आम्हांस एका शाळेतील मानसभेस बसण्याचा योग आला. मानसभा म्हणजे संघनायकांची पंचायत. पथकाने कोठे जावे, काय करावे, जमाखर्च कसा ठेवावा, कसूर करणाऱ्यास कोणती समज द्यावी, याचा निवाडा तिने करावयाचा आणि स्काउट मास्तरांनी केवळ सल्ला द्यावयाचा, अशी मूळची रीत. या शाळेत सभेचे इतिवृत्त सभेच्या आदल्या दिवशीच सुवाच्य अक्षरात लिहून तयार होते, त्यामुळे वेळेची पुष्कळच बचत झाली. विषय शिबिराच्या स्थळाचा होता. एक संघनायक, ज्याचा गळपट्टा एका बाजूस घसरला होता आणि ज्याच्या गुडघ्यावर खरचटल्याची ताजी खपली होती (आणि म्हणून ज्याच्याविषयी आमचे मत तत्काळ अनुकूल झाले), तो उठून म्हणाला, "सर, नदीकाठी जाऊ या ना. तिथं माझ्या मामाचं शेत आहे. मामा म्हणाला, लाकडं देतो."

"सूचना चांगली आहे हं, बाळा," मास्तर म्हणाले, "पण ठिकाण ठरलंय."

"मग आम्ही काय ठरवायचं?"

"जे ठरलंय त्याला अनुमोदन कोण देणार, ते ठरवा."

यावर रीतसर मतदान झाले. गुलाब संघाची एक चुणचुणीत मुलगी बहुमताने निवडून आली आणि तिने अनुमोदन दिले. इतिवृत्तात तिचे नाव आदल्या दिवशीच पडलेले होते, असे आम्ही वाकून पाहिले तेव्हा आढळले.

यात मास्तरांना दोष देणे अन्यायाचे होईल. मतदारयाद्या तपासणे, खिचडीचा हिशेब ठेवणे, संगणकावर माहिती भरणे आणि तीच माहिती पुन्हा कागदावर पाठविणे, या राष्ट्रकार्यांतून उरलेल्या वेळात ज्या गृहस्थास पथकाचे काम अंगावर घ्यावे लागते, त्याने नदीचे नाव ऐकताच कानांवर हात ठेवले तर ते स्वाभाविकच आहे. नदीत खरोखरच पोरे बुडतात. एखादे बुडाले तर निलंबनाचा हुकूम संघनायकाच्या नावे निघत नाही, मास्तरांच्या नावे निघतो. आणि ज्याच्या नावे हुकूम निघावयाचा त्याच्याच हाती कारभार राहणार, हा न्याय पेशवाईच्या दप्तरापासून चालत आलेला आहे. आमची तक्रार असेल तर इतकीच की, मामाच्या शेतापासून नदीपर्यंत मध्ये पुष्कळ कोरडी जमीन असते, आणि तिचा विचार कोणीच केला नाही.

ठरलेले स्थळ म्हणजे एक कृषी पर्यटन केंद्र निघाले. तेथे तंबू मांडववाल्याच्या माणसांनी आधीच ठोकून ठेवलेले होते. मुलांनी त्यांपैकी एकाची एक मेख पुन्हा उपटून, पुन्हा ठोकून, तंबू उभारणीचे प्रात्यक्षिक दिले व त्याचे छायाचित्र घेतले गेले. अभ्यासक्रमात बिनभांड्याचा स्वयंपाक म्हणून एक चाचणी असते. निखाऱ्यात बटाटे भाजणे, काडीला कणीक गुंडाळून शेकणे असल्या गोष्टी तीत करावयाच्या असतात, आणि अर्धवट जळालेली ती कणीक खाल्ल्यावर आपण काही तरी जिंकले असे पोराला आयुष्यभर वाटत राहते. येथे पुलाव, जिलबी आणि मठ्ठा हे सर्व आचाऱ्याकडून पत्रावळी-द्रोणांत वाढून मिळाल्यामुळे कोणाही मुलास भांडे म्हणून लागले नाही; सबब चाचणीत सगळी मुले उत्तीर्ण झाल्याचा शेरा नोंदवहीत पडला. रात्रीच्या शेकोटीस धुराचा उपद्रव नको म्हणून लाकडांच्या मोळीखाली दिवा ठेवून त्यावर तांबडा कागद गुंडाळला होता आणि खालून छोटा पंखा लावून कागदी ज्वाला फडफडविल्या होत्या. पोरे भोवती कडे करून बसली, काहींनी सवयीने हातही शेकले. दहाच्या सुमारास वीज गेली, तेव्हा शेकोटी विझली.

खरी कमाई या उपक्रमाची सुधारणा याहून सखोल आहे. पूर्वी पोराने शेजारपाजारी जावे, कोणाची सायकल पुसावी, कोणाचे दळण आणावे, आणि मिळालेली चार-आठ आण्यांची रक्कम कार्डावर लिहून त्यापुढे सही घ्यावी, असा रिवाज होता; त्यात पोराला काम मागण्याची लाज आणि केलेल्या कामाचा दाम, या दोहोंची गाठ एकाच दारात पडत असे. आता शाळेच्या पटांगणात खरी कमाईचा आनंदमेळावा भरतो. भेळ आई करते, ती मुलगा मांडतो, वडील विकत घेतात आणि पैसे मोबाइलवरून आईच्याच खात्यात जमा होतात. पैशाने घराचा उंबरठा एकदाही न ओलांडता कमाई खरी ठरावी, ही किमया अर्थशास्त्राच्या पंडितांनी अभ्यासावी अशी आहे.

दैनंदिन सत्कृत्याचेही तसेच. आजचे सत्कृत्य अद्याप व्हावयाचे आहे याची आठवण राहावी म्हणून गळपट्ट्याच्या टोकास गाठ मारून ठेवण्याची जुनी चाल होती. सत्कृत्य झाले की गाठ सुटे, आणि ते काय होते हे कोणी विचारीत नसे. गाठ हा पुरावा म्हणून ग्राह्य नसल्याने तिची जागा छायाचित्राने घेतली. आम्ही एका वृक्षारोपणास हजर होतो. खड्डा एक, रोप एक, मुले बत्तीस. एकेकाने पुढे यावे, रोपास हात लावावा, छायाचित्र होताच बाजूस व्हावे. अखेरच्या मुलाची पाळी येईपर्यंत रोपाची पाने गळून नुसती काडी उरली होती. पण सत्कृत्ये मात्र बत्तीस भरली.

हा खटाटोप कशासाठी, असे एखादा नतद्रष्ट विचारील. राज्य पुरस्कार, राष्ट्रपती पुरस्कार या पायऱ्या चढलेल्या मुलांस शालान्त परीक्षेत वाढीव गुणांची सवलत मिळते, आणि गुण म्हटले की घरातील मोठी माणसे मैदानात उतरतात. संघनायकाच्या मातोश्री व्हॉट्सॲपच्या गटावर पथकाच्या हालचालींचे फर्मान काढतात, वडील नोंदवही पुरी करतात, आजोबा दोरीच्या गाठी तक्त्यावर बांधून, चिकटवून, खाली नावे लिहून देतात. आजोबांस क्लोव्ह हिच फार सुरेख येते. ते या वयातही राष्ट्रपती पुरस्कारास सर्वथैव पात्र आहेत.

पथकांच्या मेळाव्याच्या समारोपास 'युवा नेतृत्व: काळाची गरज' या विषयावर व्याख्याने ठेविली होती. मान्यवर मंचावर आणि युवा नेते खाली उन्हात सावधान स्थितीत, अशी मांडणी असून तिसरे व्याख्यान रंगात आले असता वाऱ्याची एक वावटळ उठली आणि मंडपाचा पूर्वेकडील कोपरा सुटून खांबासह डोलू लागला. संयोजकांनी ध्वनिक्षेपकावरून मांडववाल्यास पुकारले. मांडववाला जेवावयास गेला होता. तेवढ्यात गाइडच्या रांगेतील एक मुलगी कोणास न विचारता रांग सोडून धावली, लोंबणारी दोरी तिने पकडली, खांबाला दोन वेढे देऊन क्लोव्ह हिच आवळली, उरलेले टोक मेखेस बांधले आणि परत येऊन आपल्या जागी सावधान उभी राहिली. व्याख्यान पुढे चालू झाले.

परवानगीवाचून रांग सोडल्याबद्दल तिच्याकडून लेखी खुलासा मागविण्यात आला आहे. तिने तो एका ओळीत दिला: मंडप पडत होता. खुलासा अपुरा असल्याचा शेरा मारून प्रकरण वर पाठविले असून, गाठ मात्र टिकली असल्यामुळे तिला ताकीद द्यावी की पदक, याविषयी दोन अधिकाऱ्यांत मतभेद झाले आहेत व तूर्त कागद फिरतो आहे. मांडववाल्याने आपल्या बिलात पूर्वेकडील कोपऱ्याची जादा बांधणावळ लावली होती. ती मंजूर झाली.