नायिका जिन्यात आहे

रविवारी रात्री ओटा पुसून झाला की मी वही काढते आणि येत्या आठवड्याचे संकल्प लिहिते. वेळ मोठी फसवी. पोट भरलेलं, सोमवार अजून उजाडायचा, त्यामुळे आकडे ऐसपैस पडतात. रोज पाचशे शब्द. जुन्या कथेचं पुनर्लेखन. परिसंवादाचं टिपण. आणि ‘वाचन वाढवणे’, हे कलम शाळेपासून तसंच पुढे ओढत आणलेलं.

ही खोड लावली अँथनी ट्रोलोपने. एकोणिसाव्या शतकातला हा इंग्रज कादंबरीकार टपालखात्यात नोकरीला होता. पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचा, समोर घड्याळ ठेवायचा आणि दर पंधरा मिनिटांना अडीचशे शब्द काढायचा. नवी कादंबरी घेतली की आठवड्यांचे रकाने आखून रोजची पानं मांडायची. आठवड्याला सरासरी चाळीस पानं, पानाला अडीचशे शब्द. त्याच्या मृत्यूनंतर १८८३ साली आत्मचरित्र आलं, त्यात हा सगळा हिशेब आहे. पण मला मोलाचा वाटतो तो दुसराच तपशील. त्याला उठवून कॉफी आणून द्यायला एक म्हातारा नोकर होता आणि त्या कामाचे त्याला वर्षाला पाच पौंड जादा मिळायचे. ट्रोलोपची शिस्त सगळे सांगतात, कॉफीचं कोणी बोलत नाही. मी हा किस्सा घरी मुद्दाम मोठ्याने सांगितला. ‘पाच पौंड म्हणजे तेव्हाचे किती?’ असं यांनी विचारलं, आणि उठून स्वतःपुरता चहा केला.

हरिभाऊ आपट्यांना वहीची गरजच नव्हती. १८९० मध्ये त्यांनी ‘करमणूक’ साप्ताहिक काढलं आणि ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही त्यांची कादंबरी त्यात क्रमशः आली. अंक दर आठवड्याला निघणार म्हटल्यावर प्रेरणा येवो न येवो, यमूचं पुढे काय झालं ते सांगणं भागच. वर आनंदाश्रम या संस्थेचा कारभार होताच. माझ्या मते संकल्प आपण करायचे नसतातच. पुढचं ऐकायला कोणीतरी अडून बसावं लागतं.

माझ्यासाठी अडून बसतात ते दिवाळी अंकाचे संपादक. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि तेव्हापासून मराठी कथाकाराची दिवाळी भर पावसात येते. बाहेर वाळत घातलेले कपडे वाळत नाहीत आणि आत आपण आकाशकंदील लावतो.

यंदाची अडचण अशी की माझी नायिका जिन्यात अडकली. सोमवारी ती भाजीची पिशवी घेऊन दुसऱ्या मजल्यापर्यंत आली. घर तिसऱ्यावर. तिथे नवऱ्याबरोबर त्याचा तो मित्र गप्पा मारत बसलेला, ज्याला तिने लग्नाआधी नकार दिला होता. ती आत गेल्यावर काय होतं ते मला ठाऊक नव्हतं, म्हणून मी जिन्याचं वर्णन वाढवलं. कठडा झाला, कोपऱ्यातल्या पिचकाऱ्या झाल्या. मंगळवारी तिच्या चपलेचा अंगठा तोडला. बुधवारी पिशवीतली मेथी काढून शेंगा घातल्या. मेथी एव्हाना सुकली असती.

‘लिफ्ट नाही का त्या बिल्डिंगला?’ यांनी विचारलं.

सासूबाई मात्र मनापासून गुंतल्या होत्या. रोज सकाळी पूजा आटोपली की, ‘गेली का गं ती वर?’

‘नाही, आई.’

‘अगं, मग दम लागला असेल. बसव तिला पायरीवर.’

घरात एक वर्गणीदार तयार झाली होती. आता सुटका नव्हती.

प्रेरणेसाठी लोक हिमालयात वगैरे जातात. मी पिठाच्या गिरणीत जाते. तिथल्या घरघरीत कुजबुजता येत नाही, त्यामुळे घरातली गुपितं बायका ओरडून सांगतात. गुरुवारी गव्हाचा डबा रांगेत ठेवून उभी होते. भुवयांपर्यंत पीठ उडालेली एक बाई शेजारणीच्या कानाशी गर्जत होती, ‘मी काय केलं, सरळ आत गेले नि विचारलं, जेवूनच जाणार का? तर चप्पल शोधायला लागला हो तो!’

मी दळणाचे पैसे द्यायची विसरले. गिरणीवाल्याने हाका मारल्या तेव्हा परत फिरले. त्याच रात्री नायिका जिना चढली, पिशवी ओट्यावर ठेवली, बाहेर आली आणि तेच विचारलं. मित्र उठला. पंधरा ओळींत कथा संपली. सासूबाईंना वाचून दाखवली, तर त्यांना पुन्हा ऐकायची होती.

शनिवारी संपादकांचा फोन आला. तो मी स्पीकरवर ठेवला, कारण हात कणकेत होते.

‘ताई, जिना अप्रतिम! काय ती घालमेल! पण यंदा जाहिराती वाढल्यात. घरातला भाग काढून टाकू या का?’

मी काही बोलायच्या आत आतल्या खोलीतून आवाज आला, ‘आता परत खाली उतरवताय की काय तिला?’

‘कोण बोलतंय?’ संपादकांनी विचारलं.