छात्राध्यापक काका

चाळिशी जवळ आलेली असताना बी.एड.ला प्रवेश घेणाऱ्या माणसाकडे लोक दोन नजरांनी बघतात. ज्यांनी बी.एड. केलेलं नाही ते कौतुकानं, आणि ज्यांनी केलंय ते दयेनं. मी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होतो. हंगामात तीन पाळ्या. रसाचा ब्रिक्स काढा, पोल काढा, मळीत साखर किती वाया गेली ते बघा, आणि उतारा जरा घसरला की शेतकी खात्यापासून संचालकांपर्यंत सगळ्यांचं ऐकून घ्या. आमच्या कोल्हापूर भागाचा उतारा राज्यात वरचा, त्यामुळे ऐकून घेण्याचं प्रमाणही वरचं. विज्ञान शिकवण्याची ओढ मला पहाटे तीन वाजता लागायची, म्हणजे रात्रपाळीत. प्रवेशाच्या वेळी मात्र मी 'पहिल्यापासून आवड आहे' असं सांगितलं.

बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. डी.एड. करून तिनं पहिलीपासून पाचवीपर्यंतचे वर्ग, कधी कधी एकाच खोलीत, सांभाळलेले. तिनं माझा अर्ज वाचला आणि म्हणाली, "अहो, शिकवायला जा की. शिकायला कशाला जाताय?"

आधी सीईटी झाली. 100 प्रश्न, 90 मिनिटं. त्यातले काही बुद्धिमत्तेचे, काही सामान्य ज्ञानाचे आणि राहिलेले शिक्षक अभियोग्यतेचे. हा शेवटचा भाग ज्यानं काढला त्याला दंडवत. वर्गात एक मुलगा सारखा मागं वळून बोलतो, तुम्ही काय कराल? वर्गाबाहेर काढाल, पालकांना बोलवाल, मुख्याध्यापकांकडे न्याल, की त्याच्या वागण्यामागचं कारण समजून घ्याल? कारखान्यात या प्रश्नाचं उत्तर 'मेमो' असं आहे, पण तो पर्याय दिलेला नव्हता. दोन-तीन प्रश्नांत किल्ली सापडली: चारांतला जो पर्याय सगळ्यांत मऊ तो बरोबर. त्या दिवशी परीक्षा केंद्रात माझ्याइतका समंजस माणूस दुसरा नसेल. संध्याकाळी घरी पोरानं माझा कॅल्क्युलेटर उघडून त्यातली बॅटरी काढलेली दिसली, तेव्हा त्याच्या वागण्यामागचं कारण समजून घेण्याचा कार्यक्रम काही झाला नाही.

पहिल्या दिवशी वर्गात शिरलो तर सगळे उठून उभे राहिले. त्यांना वाटलं प्राध्यापक आले. मी शेवटच्या बाकावर जाऊन बसलो तेव्हा जो आवाज झाला, तो मी अजून विसरलेलो नाही. वर्गात मुलीच जास्त, बहुतेकींचं वय बावीस-तेवीस. आठवडाभर मी 'सर' होतो, मग 'काका' झालो, आणि दिवाळीपर्यंत 'काका, तुमची पाठाची फाईल द्या ना कॉपी करायला' इथवर आपलेपणा वाढला. कॉलेजला गणवेश आहे: पांढरा शर्ट, काळी पँट, गळ्यात ओळखपत्र. त्या वेशात वाटेवर एका लग्नाच्या हॉलमध्ये अहेर द्यायला गेलो, तर पंगतीतल्या एका आजोबांनी मला मठ्ठा आणायला सांगितला. आणून दिला. वाद घालत बसण्यापेक्षा ते सोपं होतं.

शैक्षणिक मानसशास्त्राच्या तासाला मोठा आनंद आहे. मूल कसं शिकतं हे समजून घ्यायला आपण तिथं बसतो, आणि सुरुवात होते पावलॉव्हच्या कुत्र्यापासून. मग थॉर्नडाइकची पिंजऱ्यात कोंडलेली मांजर. मग कोहलरचा सुलतान नावाचा चिंपांझी, जो काठीला काठी जोडून केळं ओढतो. मग स्किनरची कबुतरं. या स्किनर महाशयांनी दुसऱ्या महायुद्धात कबुतरांकडून क्षेपणास्त्र चालवून घेण्याचाही घाट घातला होता. सैन्यानं ते शेवटी मनावर घेतलं नाही. एवढी जत्रा ओलांडल्यावर पियाजेपाशी एकदाचं माणसाचं मूल भेटतं, आणि तेही मुख्यत्वे त्याची स्वतःची तीन मुलं. हे ऐकल्यावर मी घरी जाऊन माझ्या मुलासमोर दोन ग्लास ठेवले, एक उंच आणि एक बसका, दोन्हींत सारखंच पाणी, आणि विचारलं, जास्त कशात आहे? तो सातवीत आहे. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि आईला हाक मारली, "आई, बाबा बघ काय विचारतायत."

पण सगळ्यात भारी तास ज्ञानरचनावादाचा. 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानं हा शब्द आपल्याकडे घरोघरी पोचवला. तत्त्व सोपं आहे, आणि खरंही आहे: ज्ञान कुणी कुणाला देऊ शकत नाही, शिकणारा ते स्वतः अनुभवातून उभं करतो. आमच्या मॅडम फळ्यापाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हं, घ्या लिहून. ज्ञान हे दिले जात नाही, स्वल्पविराम..." आम्ही शंभरजण माना खाली घालून लिहीत होतो. पुढं होशंगाबादचा कार्यक्रम आला. 1972 साली मध्य प्रदेशातल्या खेड्यापाड्यांतल्या शाळांत सुरू झालेला. पोरं टोळ्या करून प्रयोग करतात, निष्कर्ष स्वतः काढतात, आणि परीक्षेला पुस्तक उघडं ठेवायची मुभा. तीस वर्षं चालला आणि 2002 मध्ये सरकारनं बंद केला. माझ्या मते या देशात शालेय विज्ञानाच्या नावानं झालेल्या कामांत हे फार मोठं काम. आमच्याकडे ते 'टीप लिहा' मध्ये येतं. पुस्तक बंद ठेवून.

मग सूक्ष्म अध्यापन. 1963 च्या सुमारास अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात ही पद्धत निघाली. शिकवणं एकदम येत नाही, तेव्हा त्याचे तुकडे करा आणि एकेक कौशल्य सुटं घोटा. कल्पना चांगलीच आहे. आपल्याकडे तिचं 36 मिनिटांचं चक्र बसवलंय: 6 मिनिटं शिकवा, 6 मिनिटं प्रत्याभरण, 12 मिनिटं पुनर्नियोजन, पुन्हा 6 मिनिटं शिकवा, पुन्हा 6 मिनिटं प्रत्याभरण. विद्यार्थी म्हणून समोर आपलेच सहाध्यायी. पदवीधर माणसांनी आठवीतली मुलं व्हायचं असतं, आणि ते इतकं मनापासून होतात की विचारू नका. मी आम्ल आणि आम्लारी शिकवत होतो, तर एम.एस्सी. प्राणिशास्त्र झालेल्या एका मुलीनं बोट वर केलं, "सर, ह्यानं माझं पेन घेतलं."

माझ्या वाट्याला प्रबलन कौशल्य आलं. मुलानं उत्तर दिलं की 'शाबास', 'छान', 'अगदी बरोबर' असं काहीतरी म्हणायचं, मान डोलवायची, हसायचं. मागं बसलेला निरीक्षक तक्त्यात दर वेळी एक खूण करतो. खुणा कमी पडल्या की गुण कमी. त्यामुळे उत्तर यायच्या आधीच मी शाबास म्हणू लागलो. सवय अशी जडली की घरी बायकोनं ताटात भाकरी वाढली आणि मी म्हणालो, "छान! अगदी बरोबर!" ती म्हणाली, "आमटी गार आहे, तिलाही द्या एक शाबासकी."

एवढी तयारी झाल्यावर खऱ्या शाळेत, खऱ्या मुलांसमोर सोडतात. कॉलेजच्या आसपासच्या शाळांत दर वर्षी बी.एड.ची टोळी येते, त्यामुळे तिथली मुलं या धंद्यात आपल्यापेक्षा जुनी असतात. आठवी ब मधल्या एका पोरानं मला पहिल्याच दिवशी बाजूला घेतलं. "सर, तुमचं नवीन आहे का? मागं बसलेल्या मॅडमनी वही उघडली की आम्ही सगळी हात वर करतो. काळजी करू नका."

पाठाला प्रस्तावना लागते. हर्बर्टच्या पंचपदीतली ही पहिली पायरी. हर्बर्ट हा जर्मन तत्त्वज्ञ 1841 मध्ये वारला. त्यानं स्वतः चारच पायऱ्या सांगितल्या होत्या, शिष्यांनी त्यांच्या पाच केल्या आणि आम्ही त्या पाचही टाचणात लाल शाईनं अधोरेखित करतो. प्रस्तावनेत चार-पाच प्रश्न असे विचारायचे की शेवटी विषयाचं नाव मुलांच्याच तोंडून बाहेर पडलं पाहिजे. मला 'हवा' म्हणवून घ्यायचं होतं.

"पंखा लावला की काय लागतं?"

"झोप!" अख्खा वर्ग.

"बरं. सायकलच्या चाकात काय भरतो?"

"सर, आमच्यात ट्यूबलेस हाय."

मी तिसऱ्या प्रश्नाकडे वळणार, तोच बाजूला घेणारा तो पोरगा कळवळून म्हणाला, "सर, हवा. हवेचे घटक. आता हेतुकथन करा, येळ जातोय."

माझ्या कारखान्याच्या ज्ञानाचंही इथं काही चाललं नाही. मिश्रणातले घटक वेगळे करणे शिकवताना मी उसाचं उदाहरण घेतलं आणि ऐटीत विचारलं, सगळ्या उसांत साखर सारखीच असते का? दोन वेण्यांतली एक मुलगी उठली. "नाही सर. 86032 ला उतारा चांगला. 265 ला टनेज बसतंय, पण कारखाना तोड लवकर देत नाही." तोड लवकर न देणाऱ्यांत मीही बसायचो, म्हणून पुढच्या मुद्द्याकडे वळलो.

आता मेणबत्तीचं सांगतो, कारण बी.एड.चं पहिलं वर्ष माझ्या मते त्या पस्तीस मिनिटांच्या तासात आटोपलं.

प्रयोग सगळ्यांना माहीत आहे. ताटात पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती, तिच्यावर काचेचा ग्लास उपडा. मेणबत्ती विझते, ग्लासात पाणी चढतं. निष्कर्ष: ऑक्सिजन जळून गेला, त्याची जागा पाण्यानं घेतली, म्हणून हवेत ऑक्सिजन 1/5. टाचणात मी हा निष्कर्ष मुद्दाम लिहिला नव्हता. तपासताना मॅडमनी तो लाल शाईनं भरला. मी म्हटलं, मॅडम, हवेत ऑक्सिजन जवळपास 1/5 असतो हे खरं, पण या प्रयोगानं ते ठरत नाही. निष्कर्ष खरा आणि साक्षीदार खोटा. त्या म्हणाल्या, "परीक्षेत हेच येतं."

शाळेच्या प्रयोगशाळेतली काचेची भांडी कुलपात होती. किल्ली कारकुनाकडे आणि कारकून तालुक्याला. कपाटाच्या काचेतून चंचुपात्रं नीट दिसत होती, वर दुकानाच्या किमतीची चिठ्ठी तशीच. तेव्हा घरचं ताट, घरचाच ग्लास. मुलं हात मागं बांधून टेबलाभोवती उभी राहिली. 'कशाला हात लावायचा नाही' हा विज्ञानाचा पहिला नियम त्यांना पाठ होता.

ग्लास ठेवला. कडेनं दोन-चार बुडबुडे निघाले. ज्योत बारीक झाली, विझली, आणि मग पाणी भराभरा वर चढलं. मी मॅडमच्या निष्कर्षाकडे जाणार, एवढ्यात मागच्या बाकावरचा, वर्षभर कधी न बोललेला म्हणून ज्याची ख्याती होती तो म्हणाला, "सर, आक्सिजन जळताना संपला ना? मग पाणी जळताना चढाय पायजे. ह्ये तर इझल्यावर चढलं."

मी प्रबलनाचा एकही शब्द उच्चारला नाही. म्हटलं, हात सोडा, तीन मेणबत्त्या लावा. पोरांनी लावल्या. पाणी पहिल्यापेक्षा वर गेलं. "मेणबत्त्या वाढवल्या म्हणून हवेतला ऑक्सिजन वाढला का रे?" एकदम गलका. बुडबुडे कुणी बघितले होते, त्यांचं भांडण सुरू झालं. ग्लास बोटानं चाचपून कुणी म्हणालं गरम आहे. त्या गलक्यातूनच हळूहळू जुळत आलं: ज्योतीजवळची हवा तापून फुगते, ग्लास ठेवताना थोडी बाहेर निसटते. ज्योत विझली की आतली हवा गार होऊन आकसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. ऑक्सिजन सगळा संपतसुद्धा नाही, बराच उरलेला असतानाच ज्योत विझते. आणि जो खर्च होतो त्याच्या बदल्यात कार्बन डायऑक्साइड आणि वाफ तयार होतेच. 'दाब' हा शब्द त्या दोन वेण्यांच्या मुलीनं आणला. मी फक्त मेणबत्त्या पुरवत होतो. घंटा झाली.

निरीक्षण वहीत शेरा आला: 'संकलन, मूल्यमापन व गृहपाठ या पायऱ्या राहिल्या. वर्गनियंत्रण कमी. फलकलेखन तिरके. आवाज चांगला.'

गृहपाठ दिलाच नव्हता, पण दुसऱ्या दिवशी चौघांनी तो करून आणला होता. एकानं पाच मेणबत्त्या लावल्या, ग्लास तडकला आणि आईनं धपाटा घातला. त्यानं तो निरीक्षण म्हणून वहीत नोंदवला होता. बायकोला हे सगळं सांगितलं. तिनं शेरा पुन्हा एकदा वाचला आणि म्हणाली, "आवाज चांगला हे कुणी लिहिलं? घरात कधी कळलं नाही."

तेव्हा माझी विनंती मुख्याध्यापकांना आहे. येत्या सत्रात तुमच्याही शाळेत पांढऱ्या शर्टातले, काखेत फाईल धरलेले काही जण पाठ घ्यायला येतील. विज्ञानवाल्यांना शक्य झालं तर दोन तास सलग द्या, आणि प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली आदल्या दिवशीच कारकुनाकडून मागून ठेवा. आमच्या घरात आता तीनच ग्लास उरलेत.