‘काल चालत होतं’

पतसंस्था असो, सीएचं कार्यालय असो की शाळेचं ऑफिस, तिथे एक जाणकार असतोच. पगारपत्रकात तो वसुली लिपिक असतो, नाहीतर ग्रंथपाल. कधीकाळी त्याने मशीनमध्ये अडकलेला कागद न फाटता बाहेर काढला आणि त्या दिवसापासून ‘जरा बघा ना’ हे वाक्य त्याच्या खात्यावर जमा होऊ लागलं. नवं मशीन आलं (लोक त्याला अजून झेरॉक्सच म्हणतात), सर्व्हिसवाल्याने एक प्रत काढून दाखवली, सही घेतली आणि ‘नेटवर्कचं तुमचं तुम्ही बघा’ म्हणत हेल्मेट उचललं, की पुढचं काम याचं. मशीनवर ठेवलेला कागद थेट शेअर फोल्डरमध्ये जाऊन पडला पाहिजे, असं साहेबांनी कुठेतरी पाहिलेलं असतं. मग हा मशीन बंद करतो, राउटर बंद करतो, मनात दहा आकडे मोजतो आणि दोन्ही पुन्हा चालू करतो. ऑफिस या विधीला हसतं. माझ्या मते त्यात हसण्यासारखं फार थोडं आहे. त्याच्या जागी कोणीही शहाणा माणूस हेच करील.

कारण मशीन त्याला काय सांगतं ते बघा. पडद्यावर दोनच शब्द येतात, ‘कनेक्शन एरर’, आणि त्यामागे निदान सहा कारणं दडलेली असू शकतात. रात्री वीज गेली, राउटरने सकाळी संगणकाला नवा आयपी पत्ता दिला आणि मशीन जुन्याच पत्त्यावर टपाल टाकत बसलं. किंवा कोणी पासवर्ड बदलला आणि मशीनला कळवायचं राहिलं. संगणक चार आकडी पिनने उघडतो म्हणून मशीनलाही तोच पिन दिला, तर तो त्या संगणकाबाहेर चालतच नाही. फोल्डरला परवानगी दोन ठिकाणी द्यावी लागते, एक शेअर करताना आणि एक सिक्युरिटीच्या पानावर. त्यातली एक दिली की माणसाला काम झाल्यासारखं वाटतं. विंडोजने नेटवर्कला ‘पब्लिक’ ठरवलं तर फायरवॉल ४४५ क्रमांकाचं दार लावून घेते. आणि कधी कधी संगणक नुसता झोपलेला असतो. यांतलं एखादं कारण बंद-चालू केल्याने कधी कधी खरोखरच दूर होतं, म्हणजे हा विधी अगदीच निराधार नाही. डॉक्टरांना विचारा, पेशंट ‘दुखतंय’ एवढंच म्हणत असेल तर तेही आधी क्रोसिनच देतात.

‘काल चालत होतं’ हे त्याचं नेहमीचं वाक्य लोकांना पळवाट वाटतं. ती साक्ष आहे, आणि बहुधा खरी. फाइली पोचवण्याची एसएमबी नावाची जी पद्धत आहे, तिच्या पहिल्या आवृत्तीतल्या भोकातून मे २०१७ मध्ये वॉनाक्राय जगभर पसरला. त्याच वर्षीच्या अखेरीपासून मायक्रोसॉफ्ट नव्या विंडोज १० मध्ये ती आवृत्ती घालेनासं झालं. जुन्या मशीनला मात्र तेवढीच भाषा येते. नवा संगणक आला, मशीन तेच राहिलं, संवाद संपला. २०२४ च्या विंडोज ११ ने आणखी नियम कडक केले. यातलं काहीही ऑफिसच्या आवक-जावक नोंदवहीत येत नाही.

आता आक्षेप. तो हे सगळं लिहून का ठेवत नाही? ठेवतो की, फक्त नको ते. मशीनच्या पाठीवर सेलोटेपने चिकटवलेल्या चिठ्ठीवर त्याचा पासवर्ड असतो. याहून गंभीर आरोप असा, की शेवटी वैतागून तो फोल्डरला ‘एव्हरीवन, फुल कंट्रोल’ देतो, फायरवॉल उतरवतो आणि तो २०१७ चा जुना दरवाजा पुन्हा उघडतो. कर्जदारांची आधारकार्डं मग शिपायापासून ऑडिटरपर्यंत सगळ्यांची. इथे मी त्याचा वकील नाही. स्कॅनपुरतं वेगळं खातं काढून त्याला त्या एका फोल्डरचीच परवानगी द्यायची आणि राउटरमध्ये पत्ता कायमचा बांधून टाकायचा, हे निवांत बसून करायचं काम आहे. पण त्याच्यामागे साहेब उभे असतात आणि दर दोन मिनिटांनी ‘झालं का?’ विचारतात. अशा वेळी जे चालतं तेच बरोबर ठरतं.

मोठेपणासाठी त्याने फोल्डर मुद्दाम स्वतःच्याच संगणकावर ठेवला, असंही बोललं जातं. वेगळ्या साठवणुकीच्या डब्याला संचालक मंडळाने मंजुरी दिली नव्हती, हे कोणी आठवत नाही. (मोठेपणा त्याला आवडत नाही असं मात्र मी म्हणणार नाही.) त्याचा परिणाम तो गणपतीला गावी गेला की दिसतो. संगणक बंद, म्हणून स्कॅन बंद, म्हणून आरतीच्या ऐन वेळी फोन. तो ओरडून सांगतो, ‘अहो, नुसतं बटण दाबा, पासवर्डची गरज नाही.’ हे शंभर टक्के खरं असतं, फोल्डरला संगणक सुरू असला की पुरतं. पण इतकं सोपं काही असेल यावर ऑफिसचा विश्वास बसत नाही. ‘ते ठीक आहे हो, पण पासवर्ड सांगून ठेवा ना,’ पलीकडून आवाज येतो.