तळ्यात, मळ्यात

लहान मुलांचा एक बिनभांडवली खेळ आहे. जमिनीवर रेघ मारायची. ‘तळ्यात’ म्हटलं की रेघेच्या अलीकडे उडी, ‘मळ्यात’ म्हटलं की पलीकडे. उडी चुकली की बाद. स्वारगेटच्या सारसबागेत हा खेळ गणपती आणि महापालिका यांच्यात झाला. गणपती जागचा हललाच नाही. बाद झालं ते तळं.

पर्वतीच्या पायथ्याशी आंबिल ओढ्याचं पाणी अडवून नानासाहेब पेशव्यांनी हे तळं करवलं आणि मधे एक बेट राखलं. पुढे 1784 मध्ये सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत त्या बेटावर सिद्धिविनायकाची स्थापना झाली. पेशवे तेव्हा जेमतेम दहा वर्षांचे, म्हणजे खुद्द तळ्यात-मळ्यात खेळण्याच्या वयाचे. या तळ्यात नाव सोडून राज्याची खलबतं चालत आणि वल्ही मारायला मराठी न समजणारे हबशी नेमलेले असत, असं सांगतात. आता खलबतं बागेतल्या बाकांवर चालतात. विषय शेजारच्या सोसायटीच्या पार्किंगचा असतो आणि तो चार बाकांपलीकडच्यांनाही नीट ऐकू येतो. हबशी नेमण्याची सोय मात्र राहिलेली नाही.

विसाव्या शतकात तळं आटवून बाग झाली, हिरवळ आली. गणपतीचं नाव तेवढं ‘तळ्यातला’ राहिलं. पुण्यात वस्तू जाते, नाव जात नाही. पलीकडच्या पेशवे पार्कात 1953 पासून प्राणिसंग्रहालय होतं. ते पुढे कात्रजला गेलं. तरी अजून एखादे आजोबा नातवाला ‘चल, वाघ दाखवतो’ म्हणून तिकडेच नेतात आणि मग वाघाची भरपाई फुलराणीत बसवून करतात. ही छोटी गाडी 1956 पासून धावते आहे. ती जिथून निघते तिथंच परत येते. शहराच्या वाहतुकीबद्दल इतकं प्रांजळ निवेदन दुसरं कुणी केलेलं नाही.

जवळच्या नेहरू स्टेडियमचीही तीच तऱ्हा. 29 फेब्रुवारी 1996 ला इथं केनियानं 166 धावा केल्या आणि लारा, रिचर्डसन असलेल्या वेस्ट इंडीजला 93 मध्ये गुंडाळलं. विश्वचषकातला हा चमत्कार स्वारगेटला घडला. पण वार्षिक सोहळा करावा, तर तारीखच चार वर्षांतून एकदा उगवते. 2012 पासून आंतरराष्ट्रीय सामने गहुंज्याला होतात. म्हणजे पुण्यातला सामना बघायला पुणेकरांना पुण्याबाहेर जावं लागतं.

राहिली बागेजवळची खाऊगल्ली. ती मात्र नावाप्रमाणे शाबूत आहे. बागेत पाच फेऱ्या मारून जेवढं वजन उतरतं, तेवढं पावभाजीच्या पहिल्या प्लेटमध्ये सव्याज परत मिळतं. दारात मेनूकार्ड घेऊन उभा असलेला माणूस ‘या काका, इकडे जागा आहे’ अशा अगत्यानं बोलावतो की पुणेकर क्षणभर बावरतो. दुकानात आपलं स्वागत होऊ शकतं, ही कल्पनाच त्याच्या अंगवळणी पडलेली नाही. आत तव्यावर कालथा खणखणत असतो, लोण्याचा गोळा भाजीत हळूहळू बुडत असतो आणि सकाळचा हास्यक्लब संध्याकाळी ‘लोणी जास्त’ सांगत असतो.

हे सगळं चाललेलं असताना ज्याच्या पाण्यावर तळं उभं राहिलं, त्या आंबिल ओढ्याला सगळे विसरले. पात्राच्या कडेला घरं आली, भिंती आल्या, रस्ते आले. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री ओढा आला. त्यानं घरं पाडली, गाड्या वाहून नेल्या आणि माणसांचे जीव घेतले. इथं विनोद थांबतो. त्यानंतर पाहणी झाली, आणि भिंत कुणी बांधायची यावर चर्चाही झाली.

29 सप्टेंबर 2024 पासून स्वारगेटला जमिनीखालून मेट्रोही येते. वर यावं, सारसबागेकडे चालू लागावं आणि वाटेत कुणालाही विचारावं, ‘तळ्यातला गणपती कुठे?’ तो बिनचूक रस्ता दाखवील. तळं कुठे, असं मात्र विचारू नये. थंडीत गेलात तर गणपतीच्या अंगात स्वेटर आणि डोक्यावर लोकरीची टोपी दिसेल. भोवतीचं पाणी गेलं, पण पुणेकरांना अजून त्याला गारठा बाधेल अशी काळजी वाटते.