पन्नाशीची वारुणी

आमच्याकडे पन्नाशीला वैष्णवी शांत करतात आणि पंचावन्नाला वारुणी. मला पन्नास पुरी झाली ती ऑक्टोबरात, अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, डे मॉइनला भाच्याच्या घरी. तिथं भटजी मिळेना, म्हणून भाच्यानं शांतीऐवजी सहल काढली.

"मामा, वाढदिवसाला काय हवं?"

"कणीस. कोळशावर भाजलेलं, वर लिंबू, मीठ, तिखट."

अमेरिकेत सगळ्यात जास्त मका पिकवणाऱ्या राज्यात सांगलीच्या माणसानं याहून माफक काय मागावं? भाचा गालातल्या गालात हसला. त्या हसण्याचा अर्थ मला दुपारी दाढेतून कळला.

शहर सुटलं आणि मका सुरू झाला. आडरस्ते दर मैलाला एक, काटकोनात, कुणी पट्टी ठेवून आखल्यासारखे. चारी रस्त्यांच्या मधला एक चौकोन 640 एकरांचा. वळण नाही, बांधावर आंबा नाही, मुळात बांधच नाही. एका हाताला वाळलेला मका, दुसऱ्या हाताला सोयाबीन. पुढल्या वर्षी हात बदलायचे, एवढाच काय तो फेरफार. तासाभरानं मी भीत भीत विचारलं, "आपण पुढं जातोय ना?"

पंपावर थांबलो. नळ्यांवर आकडे होते: 10, 15, 85. पेट्रोलमध्ये मक्याचं इथेनॉल किती टक्के, त्याचे. म्हणजे गाडी मक्यावर चालणार. मी शीतपेय उचललं. माझ्या रक्तातल्या साखरेपायी बायकोला लेबलं वाचायची सवय लागली आहे. "अहो, यात मक्याचा पाक आहे," ती म्हणाली. मी ते ठेवून कोंबडीचं सँडविच घेतलं, तर भाचा म्हणाला, कोंबडीही मक्यावरच पोसलेली. सगळ्यात मका होता. नव्हतं ते फक्त कणीस.

शेवटी मी गाडी थांबवायला लावली आणि शेतात शिरलो. "अहो, दुसऱ्याचं शेत आहे!" "आपल्याकडे कोण नाही म्हणतं?" असं म्हणत एक कणीस मोडलं, सोललं आणि दाणे कच्चेच दाताखाली धरले. कडकन आवाज झाला. दाणा शाबूत होता. उजवीकडच्या दाढेवरची टोपी हातात आली.

या मक्याला डेंट कॉर्न म्हणतात. दाणा वाळला की डोक्यावर खळगा पडतो, त्यावरून हे नाव. मला मात्र ते 'दंत'वरूनच आलेलं वाटतं, आणि मत बदलायचं काही कारण अजून दिसलेलं नाही.

तेवढ्यात पिकअपमधून शेताचे मालक उतरले, सत्तरीपुढचे म्हातारबा. मी कणीस पाठीमागं लपवलं. त्यांनी ते पाहिलं, मग माझ्या गालावरचा हात पाहिला आणि पोट धरून हसले. म्हणाले, "हा माणसांनी खायचा नाही. हा गाडीत जातो."

मग समोरचा ओढ्याकडचा उतार दाखवत ते बोलू लागले. तिथं पूर्वी गवत असायचं. माती धरून राहावी म्हणून तो तुकडा नांगरू नये, यासाठी सरकार त्यांना भाडं द्यायचं. (पडीक जमिनीला भाडं मिळतं हे ऐकून बायको म्हणाली, "आमच्या भाऊजींना सांगायला हवं, ते फुकटच ठेवतात.") पुढं 2005 मध्ये पेट्रोलमध्ये असं इंधन मिसळायचा कायदा आला, 2007 मध्ये तो वाढवला. कारखाने उभे राहिले, भाव चढले. 2012 च्या दुष्काळात मका बुशेलला 8 डॉलरवर गेला. करार संपताच यांनी गवत नांगरलं. असे ते एकटे नव्हते. 2007 साली देशात असं राखलेलं रान सुमारे 3.7 कोटी एकर होतं, दहा वर्षांत ते 2.4 कोटींच्या आसपास आलं. त्यात सरकारनंही मर्यादा खाली आणली होती, हा भाग वेगळा. पुढं भाव निम्म्यावर उतरले. "मग परत गवत का नाही लावलं?" म्हातारबांनी कर्जाच्या हप्त्याचा आकडा सांगितला. मी डॉलरचे रुपये करून गप्प बसलो.

परतताना वाऱ्यावर ओळखीचा वास आला. आमच्या साखर कारखान्याच्या डिस्टिलरीवरून येतो तसाच, फक्त मळीचा उग्रपणा नाही. मका दळायचा, पाण्यात शिजवून यीस्ट घालून आंबवायचा, मग ऊर्ध्वपातन; म्हणजे शिकलेली हातभट्टीच. साधारण 25 किलोंच्या एका बुशेलमधून 10-11 लिटर इथेनॉल निघतं, उरलेला चोथा गुरांना. देशातल्या मक्याचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग या वाटेनं जातो. आणि ही दारू कुणी पिऊ नये म्हणून आधी तिच्यात थोडं पेट्रोल घालतात, मग ती पेट्रोलमध्ये घालतात. माझी वारुणी पाच वर्षं आधीच उरकली म्हणायची.

हे सगळं हवा स्वच्छ राहावी म्हणून. 2022 मध्ये विस्कॉन्सिनच्या संशोधकांनी हिशेब मांडला, की रान नांगरल्यानं हवेत जातो तो कर्ब धरला, तर हे इंधन पेट्रोलहून स्वच्छ ठरत नाही. इथेनॉलवाल्यांना तो हिशेब मान्य नाही. शेतातलं खत मात्र नदीत उतरतंच. डे मॉइनच्या जलपुरवठ्याला पाण्यातलं नायट्रेट काढायचं वेगळं यंत्र ठेवावं लागतं, आणि 2025 च्या जूनमध्ये तेही पुरेना तेव्हा भाच्याच्या हिरवळीला पाणी घालायला बंदी होती. मी यावर बोलणार होतो. पण माझा दोन एकर ऊस दरवर्षी कुठल्या कारखान्याला जातो आणि तिथं त्याचं साखरेखेरीज काय काय होतं, हे बायकोला पाठ आहे.

शेवटी प्रेअरी सिटीजवळचं नील स्मिथ अभयारण्य पाहिलं. ही जमीन अणुवीज प्रकल्पासाठी घेतली होती. प्रकल्प बारगळला आणि तिथं जुनं गवत पुन्हा पेरलं. माझ्या डोक्यावरून जाणारं, तांबूस, वाऱ्यावर सळसळणारं. एकेकाळी राज्याचा तीन-चतुर्थांशाहून जास्त मुलूख असाच होता. आता हजारात एक हिस्साही उरलेला नाही. गवतातून एक बायसन वर आला आणि रवंथ करत आमच्याकडे पाहत राहिला. त्याच्या सगळ्या दाढा जागेवर होत्या. दिवसभरात मला हेवा वाटला तो त्याचाच.

आयोवात कुणाला कणीसच खायचं असेल, तर जुलै-ऑगस्टात जावं. गोड मका तेव्हा रस्त्याकडेला गाडी लावून विकतात. लिंबू आणि तिखट मात्र घरून न्यावं.