टोलमाफीचा धूर

राज्याच्या 2025 च्या ई-वाहन धोरणाने हवा स्वच्छ व्हावी म्हणून विजेच्या मोटारींना अटल सेतू, समृद्धी आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर टोल माफ केला. यातला एकही रस्ता शिरूर-दौंडमधून जात नाही, हे हवेला कोणी कळवलेले दिसत नाही. इथे गळिताला उसाचे ट्रॅक्टर जोडट्रॉल्या ओढत काळा धूर ओकतात, आणि दौंडच्या गुऱ्हाळांत चिपाडाबरोबर प्लास्टिकही चुलाणात जाते, अशी गावकऱ्यांची जुनी ओरड. कोणी म्हणेल, ई-दुचाकीलाही खरेदीत सवलत आहे. आहे की! फक्त माफीच्या या तिन्ही रस्त्यांवर दुचाकीला मुळात बंदी. सुरुवात कुठून तरी व्हायला हवी, हेही मान्य. पण ती दरवेळी मोटारवाल्याच्याच दारातून का, आणि चुलाणाच्या तोंडापासून का नाही?